मोदकाच्या कळ्या कशा पाडाव्यात

स्वयंपाकाला कला म्हणावं का, हे उकडीच्या मोदकावरून बघावं. चौसष्ट कलांमध्ये पाककलेला जागा आहेच. पण मोदकाच्या कळ्या, म्हणजे कडेला पाडलेल्या चुण्या, नुसत्या शोभेच्या असतात, हा समज चुकीचा. 7 सेंटिमीटर रुंद पारीचा, म्हणजे पिठाच्या बाहेरच्या आवरणाचा, घेर सुमारे 22 सेंटिमीटर भरतो आणि तो सगळा एका टोकाशी मिटवायचा असतो. जादा पीठ कळ्यांमध्ये वाटलं जातं. कळ्या नसल्या की ते शेंड्याशी गोळा होतं आणि दाताखाली नुसत्या पिठाचा घट्ट गोळा येतो.

आंबेमोहोरसारख्या तांदळाची ताजी, बारीक पिठी 1 वाटी, पाणी 1 वाटी, तूप 1 चमचा, चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळलं की गॅस मंद करून पिठी एकदम घालावी, ढवळून झाकण ठेवावं. 2 मिनिटांनी गॅस बंद करून 5 मिनिटं तशीच झाकून ठेवावी. तांदळात ग्लूटेन नसतं. शिजलेल्या पिठीच्या चिकटपणावरच पारी तोलते. पाणी उकळण्याआधी पिठी पडली तर ती कच्ची राहते आणि पारी चिरते. उकड गरम असतानाच पाण्याचा नि तुपाचा हात लावून लोण्यासारखी मऊ मळावी.

सारणाला 2 वाट्या ओला नारळ, 1 वाटी चिरलेला गूळ, वेलची. रस आटला, पण नारळ अजून ओलसर आहे, तेव्हाच उतरवावं. थंड होताना ते आळतं. ओलं राहिलं तर वाफेत रस सुटून बूड फुटतं.

आता खरं काम. लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा घेऊन वाटी करावी, बूड जाडसर आणि कडा पातळ. जाड कडेची कळी पडतच नाही, नुसता चिमटा दिसतो. सारण भरण्याआधीच कळ्या पाडाव्यात, म्हणजे बोटांना आत जागा मिळते. बोटं तुपात बुडवून अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी चिमूट घ्यावी, ती कडेपासून बुडाकडे निम्म्यापर्यंत ओढावी. फक्त कडेला दाबलेली कळी वाफेत मावळते. नवशिक्यांनी 2 सेंटिमीटरवर एक अशा 11 पाडाव्यात. 21 कळ्यांना जेमतेम 1 सेंटिमीटर अंतर मिळतं, त्यासाठी हात बसलेला हवा.

मग सारण भरावं, काठोकाठ नको. अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात पारी धरून एकाच दिशेनं फिरवत कळ्या हलकेच वर आणाव्यात. ओढलं की फाटतात. शेंड्याला जमलेलं जादा पीठ खुडून टाकून नाक काढावं. साच्यातला मोदक दिसतो सुबक, पण त्याची पारी जाड राहते; हातानं वळलेल्याची सर त्याला नाही.

वाफवण्याआधी मोदक पाण्यात बुडवून लगेच काढावा, म्हणजे पारी कोरडी पडून तडकत नाही. हळदीच्या पानावर, एकमेकांना न चिकटवता, 10 ते 12 मिनिटं वाफवावेत. पारीला चकाकी आली आणि ओलं बोट लावल्यावर पीठ चिकटलं नाही की मोदक झाले. त्यापुढे ठेवले तर कळ्या बसतात.