नेटवर्क ड्राइव्हवरची एक्सेल शीट स्क्रिप्टने सेव्ह होत नाहीये? कुठे अडलंय ते असं शोधा

आपल्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारी पायथनची स्क्रिप्ट ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर नेली की अडते, हे खूप जणांच्या बाबतीत होतं आणि मग लोक पहिल्यांदा कोड बदलायला बसतात. प्लीज तसं करू नका. आमच्याकडे रोज सकाळी ७ वाजता स्टॉकची शीट अपडेट करणारी स्क्रिप्ट आहे, ओपनपायएक्सएलवर (पायथनमधून एक्सेल फाइली वाचायची-लिहायची लायब्ररी) चालते, तिच्यापायी मी सलग चार दिवस घालवलेत आणि कोडची चूक त्यात शेवटी एकच निघाली, बाकी सगळं बाहेरचं होतं.

सगळ्यात आधी ती शीट डेस्कटॉपवर कॉपी करा, स्क्रिप्टमधला पाथ (फाइलचा पत्ता) तेवढा बदला आणि चालवून बघा. इथेही एरर आली तर दोष कोडमध्ये किंवा फाइलमध्ये (फाइल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटची असेल तर ओपनपायएक्सएल ती उघडतच नाही). इथे चालली तर मग पुढचं वाचा.

आता पाथ. शेअर्ड ड्राइव्ह तुम्हाला झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल तर तो खरा ड्राइव्ह नाहीये, तुमच्या लॉगिनपुरतं दिलेलं एक टोपणनाव आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज टाइप केलं की त्यामागचा खरा पत्ता दिसतो, दोन बॅकस्लॅश मग सर्व्हरचं नाव मग शेअरचं (म्हणजे सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरचं) नाव, तोच पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये टाका. टाकताना स्ट्रिंगच्या (अवतरणचिन्हांतल्या मजकुराच्या) आधी आर हे अक्षर लावायला विसरू नका, नाहीतर बॅकस्लॅशनंतर एन आला की पायथन त्याला नवी ओळ समजतो, टी आला की टॅब, आणि पाथच चुकीचा ठरून एरर नंबर २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, येते. माझी कोडमधली चूक ती हीच. फोल्डरात फोल्डर फार झाले असतील तर लांबीही मोजा, एक्सेलला पाथ आणि नाव मिळून २१८ अक्षरांच्या पुढे चालत नाही.

एरर नंबर १३, परमिशन डिनाइड, ही मात्र फसवी आहे. नाव परमिशनचं असलं तरी बऱ्याचदा कारण एवढंच असतं की कोणीतरी ती शीट एक्सेलमध्ये उघडी ठेवून जेवायला गेलंय. एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स चालू करा आणि फोल्डर बघा, शीटच्या नावाआधी ~$ लागलेली एक छोटीशी फाइल दिसली तर शीट उघडी आहे, कोणाकडे ते शीट स्वतः उघडून बघितलं की एक्सेलच सांगतो. कधी एक्सेल क्रॅश होऊन ती छोटी फाइल तशीच मागे राहते, म्हणून खात्री करायची असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या ओपन फाइल्स बघायला सांगा. आणि स्क्रिप्ट स्वतःच एक्सेल उघडत असेल तर टास्क मॅनेजरही बघा, कालच्या फेल झालेल्या रनचा एक्सेल मागे अदृश्य चालू असतो आणि तोच फाइल धरून बसलेला असतो.

कोणीच धरलेली नाही आणि तरी १३, तर मग खरंच परमिशन. शेअरची परमिशन वेगळी आणि फोल्डरची वेगळी, दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते. फक्त त्या एका फाइलवर राइट मागू नका, फोल्डरवर मॉडिफाय मागा. एक्सेल सेव्ह करताना त्याच फोल्डरात आधी टेम्पररी फाइल बनवतो मग जुनीच्या जागी ती आणतो, म्हणजे नवीन बनवायचा आणि जुनी काढायचा असे दोन्ही हक्क लागतात.

हाताने चालते पण टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) नाही? बघा टास्क कोणत्या युजरच्या नावाने चालतोय, त्या युजरला शेअरवर हक्क आहेत का, आणि स्टार्ट इन हा रकाना भरलाय का. तो रिकामा असला की स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरमध्ये उभी राहून तुमच्या फाइली शोधत बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सेव्ह करायची पद्धत. एकदा सोमवारी सकाळी आमची स्टॉक शीट उघडेना, साइज शून्य केबी, तीन वर्षांच्या नोंदी त्यात, माझ्या पोटात गोळाच आला (रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो). कारण असं की ओपनपायएक्सएल सेव्ह करताना जुनी फाइल आधी रिकामी करतो आणि मग त्यावर नवीन लिहितो, मधेच नेटवर्क गेलं की जुनी पण नाही आणि नवी पण नाही. तेव्हापासून नेटवर्कवरची फाइल मी थेट कधीच एडिट करत नाही. शीट सी ड्राइव्हवर कॉपी करायची, तिथेच एडिट आणि सेव्ह करायची, परत उघडून बघायची की उघडतेय ना, मग शेअरवर त्याच फोल्डरात वेगळ्या नावाने कॉपी करायची आणि शेवटी ओएस डॉट रिप्लेसने (एका फाइलच्या जागी दुसरी आणणारी पायथनची कमांड) मूळ नावावर आणायची. हे शेवटचं पाऊल क्षणाचं असतं, आणि कोणाकडे शीट उघडी असेल तर फक्त एवढंच पाऊल फेल होतं, मूळ शीटला धक्का लागत नाही, अशा वेळी ३० सेकंद थांबून परत ट्राय करायचं, पाचदा करून बघायचं, नाहीच झालं तर मेल पाठवायची. एक मात्र बघा, कॉपी केल्यापासून परत ठेवेपर्यंत कोणी मूळ शीटमध्ये काही भरलं तर ते पुसलं जाईल, म्हणून रिप्लेसच्या आधी मूळ फाइलची मॉडिफाइड वेळ परत तपासा आणि बदललेली दिसली तर नव्याने कॉपी घ्या.

ओपनपायएक्सएलमध्ये डेटा ओन्ली (फॉर्म्युल्याऐवजी फक्त उत्तर वाचायचा पर्याय) चालू ठेवून उघडलेली शीट सेव्ह करू नका, सगळे फॉर्म्युले जाऊन नुसते आकडे उरतात. मॅक्रोवाली फाइल असेल तर कीप व्हीबीए (मॅक्रो टिकवून ठेवायचा पर्याय) चालू हवं.

आणि प्रत्येक पावलाची वेळ एका लॉग फाइलमध्ये लिहा, पण तो लॉग सी ड्राइव्हवर ठेवा, शेअरवर ठेवला तर ज्या दिवशी नेटवर्क जाईल नेमका त्याच दिवशीचा लॉग तुमच्याकडे नसेल.