टीएसएचही जास्त आणि टी-४ही जास्त : या चुका टाळा

कोल्हापुरात 'मला थायरॉईड आहे' असे सांगणाऱ्याला 'वाढलेला की कमी?' असे विचारले, तर बहुतेक वेळा 'वाढलाय' असेच उत्तर येते, आणि उत्तर देणाऱ्याचे बोट असते रिपोर्टवरच्या टीएसएचच्या आकड्यावर. प्रत्यक्षात टीएसएच वाढणे म्हणजे बहुतांश वेळा थायरॉईड ग्रंथी मंदावणे, कारण मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, सुस्त थायरॉईडला कामाला लावण्यासाठी हा टीएसएच सोडते. उलट थायरॉईड स्वतःहून जास्त काम करू लागली, तर टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो. या हिशेबात न बसणारा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात पिट्युटरीमध्येच गाठ होते, ती कोणालाही न जुमानता टीएसएच सोडत राहते आणि धडधाकट थायरॉईडला राबवून घेते. पिट्युटरीच्या शंभर गाठींत अशी गाठ जेमतेम एखादी असते, त्यामुळे ती चटकन कोणाच्या मनात येत नाही.

एकट्या टीएसएचवर निदान करणे ही पहिली चूक होय. छाती धडधडते, हात थरथरतात, नीट जेवूनही वजन घटते, उकाडा सोसवत नाही, आणि टीएसएच मात्र किंचित जास्त. तेवढ्यावरून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच, गोळी सुरू झाली, तर आगीत तेल पडते. या आजारात टीएसएच अगदी नॉर्मलही असू शकतो. म्हणून अशी लक्षणे असल्यास त्याच रक्तात फ्री टी-४ आणि फ्री टी-३ (थायरॉईड स्वतः रक्तात सोडते ते हार्मोन) तपासायला सांगावे. हे दोन्ही जास्त असताना टीएसएच दबलेला नसणे, हीच खरी खूण आहे.

याहून महाग पडणारी चूक म्हणजे टी-४ जास्त आणि गळा सुजलेला पाहून ग्रेव्हज हा थायरॉईड स्वतःच जास्त काम करण्याचा नेहमीचा आजार गृहीत धरणे, आणि रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) देऊन किंवा शस्त्रक्रिया करून थायरॉईडच निकामी करणे. ग्रेव्हजमध्ये टीएसएच दबलेला असतो आणि टीएसएच-रिसेप्टरविरोधी अँटीबॉडी सहसा सापडतात. इथे दोष थायरॉईडचा नसतोच. ती काढली की तिच्या हार्मोनचा पिट्युटरीवर उरलासुरला जो लगाम होता तोही सुटतो आणि गाठ अधिक जोमाने वाढू शकते.

मात्र टीएसएच आणि टी-४ दोन्ही जास्त असलेला रिपोर्ट हाती येताच एमआरआयसाठी धावणेही बरोबर नाही. निरुपद्रवी बारीक गाठी साधारण दहातल्या एका माणसाच्या पिट्युटरीत आढळतात, त्यामुळे आधी एमआरआय केला तर भलत्याच गाठीवर खापर फुटते. प्रथम वेगळ्या पद्धतीचे यंत्र असलेल्या लॅबमध्ये तपासणी पुन्हा करावी. थायरॉक्सिनच्या गोळ्या महिनाभर चुकवून तपासणीच्या आधी दोन-चार दिवस नेमाने घेतल्या, तरी दोन्ही आकडे जास्त दिसू शकतात. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नये. केसांच्या गोळ्यांत आणि जिममध्ये मिळणाऱ्या काही पावडरींत बायोटिन असते. ते काही यंत्रांत टीएसएच खोटा कमी दाखवून हा आजार झाकू शकते, म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवावे. थायरॉईड हार्मोनला शरीर दाद देत नाही असा एक आनुवंशिक दोषही नेमके हेच आकडे दाखवतो. त्यासाठी आई-वडील आणि भावंडांचे रक्त तपासावे लागते. अल्फा-सबयुनिट (टीएसएचचाच एक तुकडा) आणि एसएचबीजी (थायरॉईड हार्मोनमुळे वाढणारे रक्तातले एक प्रथिन) या रक्ताच्या तपासण्या गाठीच्या बाजूने कौल देऊ शकतात.

या गाठीमुळे होणाऱ्या काही तक्रारींचा थायरॉईडशी संबंध कोणी लावत नाही. सततची डोकेदुखी, पाळी अनियमित होणे, दसरा चौकात गाडी चालवताना दोन्ही बाजूंची वाहने न दिसणे, किंवा बोटातली अंगठी आणि पायातली नेहमीच्या मापाची कोल्हापुरी घट्ट होऊ लागणे. शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे, कारण यातल्या काही गाठी वाढीचे हार्मोनही सोडतात.

मुख्य उपचार नाकावाटे केली जाणारी शस्त्रक्रिया हा आहे. त्याआधी ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडच्या इंजेक्शनांनी थायरॉईड हार्मोनची पातळी आटोक्यात आणतात. थायरॉईड दाबणाऱ्या नेहमीच्या गोळ्या फार तर थोड्या दिवसांपुरत्या देतात. शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले म्हणून कॉर्टिसॉल या पिट्युटरीच्या हुकमावर चालणाऱ्या हार्मोनची तपासणी टाळू नये.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगी एंडोक्रिनोलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे), पण सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घेऊन जा.