घोंगडीचा पट आणि फिरतं शिल्प एकत्र मांडताना

माण, आटपाडी, जतकडच्या मेंढीच्या लोकरीत विणलेला अमूर्त पट आणि समोर फिरणारं तारेचं शिल्प, ही जोडी जमते ती सावलीमुळे. म्हणून आधी लोकरीचा रंग बघा. काळी घोंगडी सावली गिळून टाकते. तिच्यापुढं शिल्पाच्या दांड्यांना न रंगवलेली अ‍ॅल्युमिनियमची पानं, म्हणजे पत्र्याचे तुकडे टांगा, म्हणजे सावलीऐवजी पानंच चमकतील. सावली खेळवायची तर पांढरट किंवा राखाडी लोकरच हवी.

दालनात आणण्याआधी कसर मारा. पट प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांवर 15 दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर पटावर दव धरतं. टांगायला खिळे नकोत. वेल्क्रोची मऊ बाजू सुती नवारीवर शिवा, ती नवार पटाच्या वरच्या कडेला हातानं टाचा आणि खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर स्टेपल करा. म्हणजे वजन एका जागी ओढत नाही.

शिल्पाचा तोल खालच्या दांडीपासून वर जमवत जा. 60 सेंमी दांडीला एकीकडं 30 ग्रॅमचं पान आणि दुसरीकडं 60 ग्रॅमचं असेल, तर अडकवायची जागा जड पानापासून 20 सेंमीवर येते. दांडीचं स्वतःचं वजन ती जागा थोडी मध्याकडं सरकवतं, तेव्हा शेवटी बोटावर तोलूनच बघा. मिरजेत सतारीची पोलादी तार सहज मिळते, पण टांगायला ती नको: एकदा मुरड पडली की तिथंच तुटते. 1 मिमीची पिळाची स्टील तार घ्या, मध्ये मासेमारीच्या गळाची फिरकी घाला. हूक स्लॅबमध्येच हवा, पीओपीत नाही.

या दांडीचा पल्ला पानासकट 48 सेंमीच्या आसपास जातो, म्हणून ती पटापासून 75 सेंमी दूर टांगा. पानाची धार लोकरीत अडकली तर धागाच ओढते. उजेडाच्या रेषेत दिवा पटापासून 3 मीटरवर असेल तर सावली एक तृतीयांशानं मोठी पडते. अरुंद झोताचा एकच एलईडी लावा. दोन दिवे म्हणजे दोन फिकट सावल्या.

पटावर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ नका, रंग उडतात. एवढ्या उजेडात सावली फिकी वाटली की सगळे दिवा वाढवतात. त्यापेक्षा बाकीचं दालन अंधारं करा.

छताचा पंखा बंद ठेवा. माणसांच्या ये-जा करण्यानं शिल्प पुरेसं हलतं. आणि फलकावर नुसतं ‘मोबाइल’ लिहू नका. अमेरिकन शिल्पकार काल्डरच्या अशा हलत्या शिल्पांना फ्रेंच कलावंत द्युशाँनं 1931 मध्ये दिलेलं नाव तेच आहे खरं, पण आपल्याकडं लोक फोन शोधतील.