काचेबाहेर उभे राहू नका: कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत असताना या चुका टाळा

माझी लेक सव्विसाव्या आठवड्यात जन्मली. वजन ८१० ग्रॅम. पहिले चार दिवस मी तिला पाहिलंसुद्धा नाही. सिझेरियनचे टाके होते, ताप होता, आणि घरच्यांचं म्हणणं होतं, "बाळंतिणीने वारं लावून घेऊ नये. तिथे डॉक्टर आहेत ना?" मी ऐकलं. ते चार दिवस मला आजही सलतात. गेली सहा वर्षं मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, उबदार काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) बाळ असलेल्या आईबाबांशी बोलते आहे. बहुतेक घरांत चुका त्याच होतात, आणि त्यांचं मूळही एकच असतं: घरी जाईपर्यंत बाळ दवाखान्याचं आणि आपण भेटायला आलेले पाहुणे, असं आपण धरून चालतो.

३७ आठवडे झाले की बाळाचे दिवस भरले म्हणायचे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची फुफ्फुसं, आतडी, डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या, सगळंच अजून घडत असतं. श्वासाचं यंत्र चालवणं आपलं काम नाही. पण आईचं दूध आणि आईबाबांची कूस कोणत्याही यंत्रातून येत नाही. ती उपचाराचाच भाग आहे.

"दूध आलंच नाही हो"

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. बाळ ओढत नाही, मग दूध कशाला काढायचं, असं वाटतं. तीन-चार दिवस तसेच जातात आणि मग पान्हा फुटायला त्रास होतो. प्रसूतीनंतर पहिल्या सहा तासांत, जमलं तर त्याआधीच, हाताने दूध काढायला सुरुवात करा. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढा. रात्रीची वेळ चुकवू नका, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला चार थेंब पिवळसर चीक आला की बायका रडतात. मीही रडले होते. मग सिस्टरने मला हिशोब समजावला. ८०० ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला नळीने दूध देतात ते दर दोन तासांनी साधारण एक मिली. तुमचे थेंब म्हणजे त्याचं जेवण आहे. तो चीक बाळाच्या गालाच्या आतून लावता येतो का, हेही विचारा. आईच्या दुधावरच्या बाळांत आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा गंभीर आजार कमी दिसतो, म्हणून डॉक्टर दुधासाठी एवढा आग्रह धरतात.

दूध कमी होत असेल तर आधी वेळा मोजा. दिवसाला पाचच होत असतील तर शतावरीने काही साधणार नाही. दूध पेटीजवळ बसून किंवा बाळाला छातीवर घेऊन उठल्यावर लगेच काढून पाहा, फरक पडतो. तरीही पुरत नसेल तर डब्याच्या पावडरीचा विचार करण्याआधी मातृदुग्धपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता राज्यातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. तिथलं दूध तपासून, पाश्चराइज करून देतात. शेजारच्या बाळंतिणीचं कच्चं दूध मात्र परस्पर देऊ नका. आणि आपल्या दुधावर नाव, तारीख, वेळ लिहिल्याशिवाय ते सिस्टरच्या हाती देऊ नका.

"इतकं नाजूक आहे, हात कसा लावू?"

कांगारू पद्धत म्हणजे बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवणं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, त्या अडचणीतून ही पद्धत निघाली. आज ती केवळ गरिबांची सोय राहिलेली नाही. २०२१ साली भारतासह पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारूत घेतलं, तेव्हा मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते.

तुमचं बाळ त्याहून लहान असेल, व्हेंटिलेटरवर असेल, तर निर्णय डॉक्टरांचा. पण "आज घेता येईल का?" हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारा. मी तो सहाव्या दिवशी पहिल्यांदा विचारला, आणि उत्तर "हो" होतं. कोणी आपणहून सांगेल म्हणून मी थांबले होते.

छातीवर घेतल्यावर ऑक्सिजनचा आकडा उतरला की घाबरून बाळ परत पेटीत ठेवलं जातं. खरं तर बाळाला त्रास होतो तो उचलण्या-ठेवण्याचा. सिस्टरला जवळ थांबवा आणि मान पाहा. हनुवटी छातीला टेकली असेल तर श्वास अडतो. चेहरा एका बाजूला, मान किंचित मागे हवी. थोडा वेळ दिला की बहुतेक बाळं शांत होतात. एकदा घेतलं की निदान तासभर ठेवा, दहा मिनिटांच्या फोटोपुरतं नको. खुर्ची मागे कललेली हवी. अंगाला अत्तर, पावडर, बाम काहीही नको. आणि बाबांनो, तुमची छातीही तितकीच उबदार असते. माझ्या नवऱ्याने रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन दोन तास घेतले, तेव्हा मला जेवायला आणि झोपायला मिळालं.

पेटीत असताना बोटाने कुरवाळू नका. इतक्या कोवळ्या त्वचेला ते चुरचुरतं. एक हात डोक्यावर, एक पावलांवर, न हलवता ठेवा. पेटीवर बाटली आपटणं, टिचक्या मारणं, मोठ्याने फोनवर बोलणं टाळा, आत ते फार मोठं ऐकू येतं.

आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे आणि बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढायचं. हिरवा चुडा उतरवताना सासूबाईंचे डोळे भरून आले होते. मी त्यांना म्हटलं, "आई, बारशाला पुन्हा भरू." जंतुसंसर्ग हा या बाळांचा मोठा शत्रू आहे, इथे सवलत घेऊ नका.

मॉनिटरकडे बघत बसणं

मॉनिटर वाजला की आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल बघा. पुष्कळदा पायाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा पट्टा सैल झालेला असतो. कमी दिवसांच्या बाळांचा श्वास मधूनच थांबतो, मेंदूचं ते केंद्र अजून पिकलेलं नसतं. त्यासाठी कॅफीन देतात. सिस्टर तळव्याला हलकं चोळतात आणि बाळ पुन्हा श्वास घेतं.

"ऑक्सिजन वाढवा ना, शंभर का नाही?" असं विचारणारे नातेवाईक भेटतातच. ऑक्सिजन चालू असलेल्या अशा बाळाचा आकडा मुद्दाम साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवतात. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. वजनाचंही तसंच. पहिल्या आठवड्यात ते उतरणारच. रोजच्या ग्रॅमवर मन टांगू नका, आठवड्याचा कल विचारा.

"सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" हे ऐकवणारं कोणीतरी येईल. हे खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलावं, वहीत लिहावं आणि बाकीच्यांना सांगावं. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात.

पैसे आणि रजा

बिल फुगल्यावर धावपळ नको. महात्मा जोतिराव फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर पहिल्याच दिवशी तिथे योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकाचे उपचार मोफत आहेत. नोकरदार आईने २६ आठवड्यांच्या रजेचा हिशोब आधी मांडावा, कारण बाळ घरी येईपर्यंत तिचा मोठा भाग संपलेला असतो. मुदतपूर्व प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी कायद्यानुसार एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा मिळू शकते. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडून तसा दाखला घेऊन ठेवा.

डोळ्यांची तारीख चुकवू नका

रेटिनोपॅथी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, बाहेरून दिसत नाही. बाळ हसतं, खेळतं आणि आत पडदा सुटत असतो. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांत आणि इतर कमी दिवसांच्या बाळांची चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. एकदा "ठीक आहे" म्हणाले म्हणून थांबू नका. पडदा पूर्ण पिकेपर्यंत तारखा चालू राहतात. लेझर किंवा इंजेक्शन सांगितलं तर दोन-तीन दिवसांत करावं लागतं. मुहूर्त, प्रवास, लग्नकार्य, यातलं काहीही आड येऊ देऊ नका. घरी सोडताना डोळ्यांची आणि कानांची तारीख कागदावर लिहून घ्या.

घरी आल्यावर

शेगडी, ओव्याची धुरी, बाळगुटी, मध, काजळ, नाकात-कानात तेल: यातलं काहीही नको. ज्या फुफ्फुसांनी महिनोन्‌महिने झगडून श्वास शिकला, त्यांना धूर सोसत नाही. आजीला तिचं प्रेम दाखवायला दुसरं काम द्या. आमच्याकडे सासूबाईंनी कांगारू शिकून घेतलं आणि दुपारच्या दोन तासांवर त्यांचा हक्क झाला.

वयही दोन मोजावी लागतात. सव्विसाव्या आठवड्यातलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशोबाने ते तीन महिन्यांचंच असतं. मान धरणं, बसणं, वरचं अन्न, हे सुधारित वयाने, म्हणजे दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजून, बघा. लसी मात्र जन्मतारखेने, डॉक्टरांना विचारून.

आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवा: मिनिटाला साठाहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, दूध न ओढणं, पोट आणि तळवे दोन्ही गार लागणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघताना बाळाला छातीशी बांधून न्या.