पक्षी पाहायला दुर्बीण घेताना

आकडा मोठा म्हणजे दुर्बीण चांगली, हा समज आधी सोडा. पहिलीच दुर्बीण असेल तर बिनदिक्कत ८×४२ घ्या. ८ म्हणजे पक्षी आठ पट मोठा दिसतो, आणि ४२ मिलिमीटर हा पुढच्या भिंगाचा व्यास. त्याला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात, आणि तेवढा प्रकाशाचा ठिपका डोळ्यापर्यंत पोचतो. १०×२५ मध्ये तो अडीचच, म्हणून भिगवणला भल्या पहाटे तिच्यातून अंधारलेलं दिसतं. बारा-सोळा पटींच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. झूमवाल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेलाच जाऊ नका.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा (सूर्याकडे कधीच नाही!) आणि डोळ्याकडच्या भिंगातला उजळ ठिपका बघा. तो स्वच्छ गोल हवा. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतल्या प्रिझमची (प्रकाश वळवणाऱ्या काचेच्या ठोकळ्याची) काच हलक्या प्रतीची आहे. मग लांबची एखादी पाटी दोन मिनिटं वाचत राहा. डोळे ओढल्यासारखे झाले किंवा अक्षरं दुहेरी दिसली तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. कितीही स्वस्त मिळाली तरी ती परत ठेवा.

चष्मा असेल तर चष्म्यासकटच पाहा, आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसेल असं भिंगापासून डोळ्यापर्यंतचं अंतर) १५ मिलिमीटरच्या वर हवा. बजेट कमी असेल तर जुन्या वळणाची, बाकदार पोरो प्रिझमची घ्या. जरा अवजड असते, पण त्याच किमतीच्या, सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझमवालीपेक्षा बहुधा सरस दिसतं. पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांना बुरशी लागते.