कूलर लागला, पोट्टं सुटलं: नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

नागपुरात एप्रिल उजाडता उजाडता कूलर धुवून खिडकीला लागतो, आणि त्याच सुमारास घरातल्या दीड-दोन वर्षांच्या पोराचं जग निम्म्यावर येतं. सकाळी आठ-साडेआठनंतर अंगण बंद, गच्ची बंद, दुपारी पडदे ओढलेले. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी पोराच्या पायांतला जोर तसूभर कमी होत नाही. तो जोर मग कूलरच्या स्टँडवर, बाथरूममधल्या बादलीवर आणि पलंगाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डवर निघतो.

यावर बहुतेक घरांत एकच उपाय चालतो: दिवसभर "नको", "हात नको लावू", "उतर खाली". सगळ्यात मोठी चूक तीच. या वयात "नको" कानावर पडतं, थोडंफार कळतंही, पण हात आवरणं जमत नाही. ती क्षमता मेंदूत अजून तयार व्हायची असते. आज दहा वेळा सांगितलेलं उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पोराला वळण लावण्याआधी घराला लावा. एकदा खरंच जमिनीवर बसा, रांगत प्रत्येक खोलीतून फिरा. उभ्याने न दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी तिथून दिसतात: सोफ्याखाली पडलेला बटन सेल, टीपॉयवरून लोंबणारी टेबलक्लॉथची कड, कूलरच्या मागून आलेली पंपाची वायर.

कूलर: थंडाव्याचं यंत्र आणि घरातला सगळ्यात मोठा धोका

पत्र्याचा कूलर म्हणजे लोखंडी पेटी, आत पाणी, आणि त्या पाण्यात बुडालेला विजेवर चालणारा पंप. पंपाच्या वायरचं आवरण उन्हापाण्याने तडकलं की करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल, तर पहिला जो माणूस पत्र्याला हात लावेल त्याच्यातून जातो. पोर बहुतेक वेळा अनवाणी असतं, हात ओले असतात आणि कूलरसमोरची फरशीही ओलीच असते. महावितरण दर उन्हाळ्यात याबद्दल आवाहन करतं, आणि दर उन्हाळ्यात लोक थ्री पिन प्लगची वरची जाड पिन काढून तो टू पिन बोर्डात घुसवतात. ती जाड पिन अर्थिंगचीच असते. ती काढली की कूलर चालतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

कूलर लावतानाच इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी करून घ्या. थ्री पिन सॉकेटला अर्थिंग नुसतं वायरपुरतं नाही, खरोखर जमिनीपर्यंत पोचतंय का ते तपासणं. घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच, बसवणं. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला नाही तर तो निकामी समजायचा. आणि पंपाची वायर सलग ठेवणं: मधे जोड नको, असलाच तर पाण्याच्या पातळीच्या बराच वर आणि कोरडा.

पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लगही काढायचा. कारण साधं आहे: जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेला असतो, आणि मग बटण बंद असतानाही पंपात करंट असतो. पाइप लावून कूलर भरेपर्यंत पोर त्या खोलीत नसावंच. नेमकं तेव्हाच त्याला पाण्यात हात घालायचा असतो.

बोटांचंही पाहा. समोरच्या जाळीतून पेन्सिल जात असेल तर दोन वर्षांच्या मुलाचं बोटही पंख्याच्या दिशेने जातंच. बाजारात बारीक जाळी मिळते, ती मूळ जाळीवर तारेने घट्ट बांधा.

आता ज्याकडे लक्ष जात नाही ते. वरच्या मजल्यावर कूलर खिडकीत बसवताना बरेचदा ग्रिलचा एखादा भाग काढतात आणि कूलरच्या बाजूची फट थर्माकोलने किंवा पुठ्ठ्याने बुजवतात. पोर खिडकीशी ठेवलेल्या पलंगावर चढतं, त्या पुठ्ठ्याला टेकतं, आणि पुठ्ठा बाहेर जातो. फट प्लायवूडने बंद करा, स्क्रू आतून मारा, आणि पलंग खिडकीपासून हलवा. कूलरचं अँगलचं स्टँड घरात असेल तर खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पोरासाठी शिडीच. तिथे पत्रा किंवा प्लाय ठोकला की चढणं थांबतं.

बादली

कूलरसाठी भरून ठेवलेली २० लिटरची बादली, ड्रम, टाकं. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून पाण्यात डोकावताना तोल गेला की ते डोक्याकडून आत जातं, आणि स्वतःला वर उचलण्याइतकं बळ हातांत नसतं. थोड्याशा पाण्यातही जीव जातो, आणि आवाज होत नाही. ना ओरडणं, ना पाणी उडणं. "मी इथेच होते, काही ऐकू आलं नाही" असं होतं ते म्हणूनच.

झाकण असलेला ड्रम ठीक, पण झाकण घट्ट बसणारं हवं. बादल्या रिकाम्या आणि उपड्या. बाथरूमला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर एक कडी लावून घ्या. हा या संपूर्ण लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पाण्याची ओढ मात्र मारू नका. उन्हाळ्यात पोराला अर्धा तास गुंतवायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. परातीत दोन बोटं पाणी, एक वाटी, चहाची गाळणी, स्पंजचा तुकडा. तुम्ही हातभर अंतरावर बसायचं, मोबाइल बाजूला. खेळ संपला की पाणी लगेच झाडांना ओतायचं.

दुपारी झोपत नाही, रात्री बारापर्यंत नाचतं

या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा घड्याळात किंवा कूलरमध्ये सापडतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. उन्हाळ्यात मोठी माणसं चार-पाचपर्यंत लोळतात, पोरही त्यांच्यासोबत पाचपर्यंत झोपतं, आणि मग रात्री साडेअकराला त्याची पहाट होते. साडेबारा-एकला झोपवा, तीनच्या आसपास उठवा. पडदा सरकवून उजेड येऊ द्या, हाका मारत बसू नका.

झोपेतून घामाघूम आणि चिडचिडं उठत असेल तर खोली तपासा. बंद खोलीत कूलर काम करत नाही, तो फक्त दमटपणा वाढवतो. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार चार-सहा इंच उघडं हवं, म्हणजे आलेली हवा बाहेर पडते. बाहेर ढग आले, हवेतच ओल असली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आणि झोत थेट तोंडावर नको.

पोराचा जोर जिरवायच्या वेळा दोनच. मे महिन्यात इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पहाटेचे ते दोन तास सोन्यासारखे असतात आणि बहुतेक घरं ते झोपून घालवतात. संध्याकाळी मावळतीनंतर, पावणेसातच्या पुढे. पाच वाजता महाराजबागेत किंवा कॉलनीच्या बागेत नेलं तर लोखंडी घसरगुंडी अजून तापलेली असते. आधी आपल्या तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा; आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या मांड्यांना मुळीच होणार नाही. उन्हात उभ्या स्कूटरची सीट आणि कारमधल्या बेल्टचं बक्कल यांनाही हेच लागू. उभ्या गाडीत मूल "दोनच मिनिटं" ठेवणं तर नाहीच, काच थोडी खाली असली तरी नाही.

तोंडात आणि नाकात

फुटाणे, शेंगदाणे, काजूचे अख्खे तुकडे: चार-पाच वर्षांपर्यंत नको. कूट करून द्या. द्राक्ष उभं चिरून चार फोडी. टरबुजाच्या बिया काढून, संत्र्याची फोड सोलून, बी काढून. आणि खाताना बसलेलंच हवं. पळत्या पोराच्या तोंडात घास भरवत आजी मागे मागे फिरते, त्यात माया असते, पण ठसका लागतो तो असाच.

ठसका लागल्यावर पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल तर वर्षाच्या पुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ ठोके. नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे ५ झटके. आळीपाळीने हेच चालू ठेवायचं आणि कुणीतरी १०८ लावायचा.

फसवी गोष्ट वेगळीच आहे. ठसका लागतो, थांबतो, पोर पुन्हा खेळायला लागतं. मग दोन दिवसांनी खोकला, छातीत एका बाजूला घरघर. हे सर्दीचं औषध देण्याचं प्रकरण नाही. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला तर साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून "शेंगदाणा खाताना ठसका लागला होता" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. तसंच एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत हरभऱ्याचा दाणा किंवा मणी असू शकतो. चिमट्याने काढायला जाऊ नका. बटन सेल गिळल्याचा किंवा नाकात घातल्याचा नुसता संशय आला तरी त्याच घटकेला दवाखाना. तो काही तासांत आतून जाळतो.

उन्हाळ्यात तहान जास्त, म्हणून बाटली दिसली की तोंडाला. जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनाइल किंवा रॉकेल भरून ठेवायची सवय आजच सोडा. तरीही प्यायलं गेलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन सरळ मेडिकल किंवा मेयो (नागपुरातली दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं), नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल.

भाजलं तर नळाखाली धरा, पण इथे एक मेख आहे

चहा सांडला, कुकरला हात लागला, तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातलं काही नाही. पण नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला स्लॅबवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी स्वतःच चटका देतं. ते आधी हातावर घेऊन पाहा. गरम असेल तर घरात साठवलेलं साधं पाणी मगाने धारेसारखं ओतत राहा. त्याच कारणाने दुपारी पोराला थेट नळाखाली आंघोळीला उभं करू नका. सकाळीच एक बादली भरून, झाकून, कडी लावलेल्या बाथरूममध्ये ठेवली की दोन्ही कामं होतात.

पाणी, पन्हं आणि ओआरएस

खेळात रमलेलं पोर तहान सांगत नाही. दर तासाला दोन-चार घोट, त्याच्या हाताला येईल अशा छोट्या पेल्यात. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुधाने तहान भागवू नका. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की जेवण कमी होतं आणि अंगातलं लोह घटतं. "काहीच खात नाही" म्हणणाऱ्या घरात आधी दुधाच्या बाटल्या मोजाव्यात.

जुलाब लागले की ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं, आणि आधीच पाणी कमी झालेल्या अंगाला ते घातक असतं. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं फेका. फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, आणि पन्हं म्हणजेही ओआरएस नव्हे. पोर सुस्त पडलं, डोळे खोल गेले, अंग तापलं आणि हाकेला नीट ओ देईना, तर घरी काही करत बसू नका.

हट्ट

"काऊन रडून राहिला पोट्टा?" असं विचारत घरातले चार जण धावतात आणि चार वेगळ्या गोष्टी देतात: आई पाणी, आजी बिस्कीट, काका मोबाइल, आजोबा उचलून घेतात. पोर यातून एकच शिकतं, की जोरात रडलं की दुकान उघडतं. घरातल्या मोठ्यांनी दोन-तीनच नियम ठरवावेत आणि सगळ्यांनी तेच पाळावेत. दोन वर्षांखाली मोबाइल नाहीच. बाकीच्यांनी त्याच्यासमोर तो कमी हाताळावा.

"नको" ऐवजी काय करायचं ते सांगा. "पळू नको" पेक्षा "हळू चाल, माझा हात धर". "कूलरला हात लावू नको" पेक्षा "ये, परात घेऊ". आधी भूक, झोप आणि उकाडा तपासा. दुपारी बाराचा हट्ट निम्म्या वेळा झोपेचा असतो. त्याला थोडं खरं काम द्या: वाटाणे सोलताना शेंगा टोपलीत टाकणं, ओले रुमाल पिळणं. सोललेले दाणे मात्र तुमच्याकडे.

मृग लागला की

पाऊस आला की कूलर विसरला जातो, टाकीत पाणी तसंच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि दिवसाच चावतो. उन्हाळाभरही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, ब्रशने बाजू घासून, उन्हात वाळवून मगच भरा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही बरेच महिने टिकतात. शेवटी कूलर गच्चीवर नेताना ताट्यांतलं (कूलरच्या बाजूच्या गवत भरलेल्या चौकटींतलं) जुनं गवत काढून टाका, पंप सोडवून कोरडा ठेवा आणि ताट्या तारेने बांधून टाका. रिकामा कूलर लपाछपीसाठी फार सोयीचा असतो, आणि पोराला ते तुमच्या आधी कळतं.