नागपुरात नवे आहात? दोस्ती पोह्यांपासून सुरू करा

मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी वसाहतीत, नोकरी लागून, शिकायला किंवा बदली होऊन नागपूरला आलेला माणूस बहुधा पहिली चूक अशी करतो: नव्या ओळखीच्या पाच-सहा जणांना शनिवारी रात्री एकदम जेवायला बोलावतो. दोघं येतात, तिसरा नऊनंतर उगवतो, बिल दणदणीत होतं आणि बोलणं हवापाण्याच्या पुढे जात नाही. या गावात ओळख मुरते ती सकाळी, ठेल्याशेजारी, उभ्या उभ्या. अर्ध्या तासाचं काम, खिशाला तोशीस नाही आणि कोणाला यायला जमलं नाही तरी राग-लोभ नाही. रात्रीच्या जेवणाची पाळी त्यानंतर येते.

सुरुवात तर्री पोह्यांनी

रविवारची सकाळ धरा. वेळ पावणेआठ. साडेनवानंतर परातीतले पोहे कोरडे पडून गोळे व्हायला लागतात आणि उन्हाळ्यात तोवर ऊनही चटके देतं. बोलवायचं दोघांनाच. आठ जणांचा ग्रुप काढून ‘उद्या कोण कोण येतंय?’ विचारलं की आठ अंगठे येतात आणि माणसं दोन. त्यापेक्षा थेट निरोप द्या: ‘रविवारी पावणेआठ, कस्तुरचंद पार्क, मी असणारच आहे.’ सलग चार रविवार तीच वेळ, तीच जागा ठेवा. तिसऱ्या रविवारी कोणीतरी आपला मित्र घेऊन येतो. तुमचं वर्तुळ तिथून वाढतं.

जागा निवडताना मेट्रोचा नकाशा पाहा. ऑरेंज मार्गिका खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, अ‍ॅक्वा लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. सीताबर्डीहून (बोलीत ‘बर्डी’) झिरो माईल, त्यापुढचं स्टेशन कस्तुरचंद पार्क. एक जण हिंगण्याकडून आणि दुसरा वर्धा रोडवरून येणार असेल, तर दोघांनाही ‘जवळ’ वाटेल अशी जागा याच पट्ट्यात सापडते.

आता प्लेटीकडे. तर्री म्हणजे काळ्या चण्यांचा झणझणीत पातळ रस्सा, वर लाल तवंग. नवखा माणूस ‘पूर्ण टाका’ म्हणतो आणि पाच मिनिटांत पोह्यांचा लगदा होतो. आधी थोडी टाकून घ्या, अर्धी प्लेट संपली की पुन्हा वाटी पुढे करा. बहुतेक ठेलेवाले जास्तीची तर्री खळखळ न करता घालतात. तिखट झेपत नसेल तर ‘तर्री वेगळी द्या’ म्हणा आणि चमच्याने चणे काढून घ्या. वरून कच्चा कांदा, लिंबू आणि सांबार. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नव्हे. सांबारवडी मागवून ताटात डाळ शोधणारे पाहुणे दरवर्षी सापडतात.

पोह्यांचे पैसे वाटून घेऊ नका. एकाने सगळ्यांचे द्यायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने. पोह्यांच्या प्लेटचा हिशेब मोबाईलवर मागणारा माणूस चिकट ठरतो, आणि ती ओळख पुसायला महिने लागतात.

बोलण्याचंही सांगून ठेवतो. नागपूरचा मराठी माणूस दुकानात, ऑटोत आपसूक हिंदीत सुरू होतो. त्यात अपमान नाही. तुम्ही मराठीत उत्तर दिलंत की तोही मराठीवर येतो. अनोळखी माणसाला ‘भाऊ’, बाईला ‘ताई’ कुठेही चालतं. ‘बे’ मात्र समोरच्याने आधी वापरू द्या. त्याने तुम्हाला ‘काय बे’ म्हटलं की समजा, जमलं.

मग संध्याकाळ

पोह्यांचे तीन-चार रविवार झाले की फुटाळा तलाव. रविवारी संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून आठवड्यातला मधला वार चांगला. चालायची आवड असलेल्यांना सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरी सकाळी बरं पडतं. पावसाळी रविवारी अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, आहेच. सोमवारी बंद असतं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि लोकांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट), तेव्हा ‘एखाद्या शनिवारी किल्ला बघू’ हा बेत आखू नका.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पारा 45च्या आसपास जातो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आधी बाहेरचा कोणताही कार्यक्रम ठेवू नका. दुपारी दोनला बोलावलंत तर कोणी स्पष्ट नाही म्हणणार नाही, पण येणारही नाही.

सावजी: वार बघून, भूक ठेवून

सावजी जेवण मूळ हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाचं. इतवारी, महाल, गोळीबार चौक या जुन्या भागांत त्याची साधी भोजनालयं आहेत. सजावट बघून जागा निवडू नका. दुपारी कोणाच्या दारात जास्त दुचाक्या उभ्या आहेत ते बघा.

आधी वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे बुधवार, शुक्रवार किंवा रविवार धरा. श्रावणात खास लक्ष द्या, कारण नागपुरात श्रावण दोन असतात. हिंदी भाषकांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, मराठी श्रावण आषाढी अमावास्येनंतर. मिश्र मंडळींत दोन्ही धरले तर जवळपास दीड महिना मटणाचा बेत होत नाही. तोवर पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) आणि डाळकांदा आहेत, आणि ते काही कमी तिखट नसतात.

चौघांसाठी मटण दोन प्लेट, चिकन एक, पाटोडी एक. पोळ्या सुरुवातीला माणशी दोनच सांगा, गरम गरम मागवत राहा. भात शेवटी, रस्सा संपायच्या आत. खूर, सुंदरी, कलेजी हे काय आहे ते विचारून मगच मागवा. सुंदरी नाव गोड आहे, असतं ते बोकडाचं आतडं.

‘कमी तिखट करून द्या’ म्हणून उपयोग होत नाही, कारण रस्सा मोठ्या पातेल्यात एकदाच झालेला असतो. उपाय ताटातच करायचा: वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा, तवंग वर येतो, तो चमच्याने बाजूला काढा. मिरचीचा झोंबणारा अर्क तेलात उतरतो, म्हणून तवंगासोबत बराच तिखटपणा जातो. त्याच कारणाने पाणी पिऊन जाळ कमी होत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा भाताचा घास घ्या. उपाशीपोटी जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेंचची सफारी असेल तर आदल्या रात्री सावजी नकोच. उघड्या जिप्सीत चार तास बसायचं असतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

इथला हिशेब मात्र त्याच रात्री मिटवा. न खाणाऱ्याचं ताट वेगळं मोजा: मटणाच्या प्लेटी खाणाऱ्यांत, बाकी सगळ्यांत.

अर्ध्या दिवसाचा रामटेक

पहिल्या सहलीला रामटेक बरं. जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत, तिथून आत. साधारण 50 किलोमीटर. सकाळी सहाला निघा, राममंदिराच्या गडावर आठच्या आत पोहोचा, खिंडसी तलाव बघून दुपारच्या जेवणाला परत. पाच जणांची एक गाडी झाली की थांबा. दोन गाड्या झाल्या की एक नेहमी चहाला थांबते आणि दुसरी वाट बघते.

ये-जा 100 किलोमीटर आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज 15 असेल तर साधारण 7 लिटर पेट्रोल. ती रक्कम आणि टोल चालवणाऱ्याला सोडून उरलेल्यांत वाटा. गाडी आणि मेहनत त्याची आहे. गडावर वानरं पिशव्या ओढतात, प्रसाद हातात उघडा धरू नका. खिंडसी असो वा झिलपी, तलावात उतरू नका. काठ गाळाचा असतो आणि खोली अचानक वाढते.

थंडीत रोडगे

डिसेंबर-जानेवारीत कोणाच्या शेतावर रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत निघाला तर सोडू नका. निघत नसेल तर तुम्हीच काढा. हॉटेलात गप्प बसणारा माणूसही हातात वांगी चिरायला दिली की बोलायला लागतो.

दहा जणांना जाडसर दळलेली कणीक 2 किलो, तेलाचं मोहन पाव किलोच्या आत, मीठ, ओवा. वांगी दीड किलो, तुरीची डाळ पाऊण किलो, तूप अर्धा किलो, गोवऱ्या पंचवीस-तीस. कणीक घट्ट भिजवून अर्धा तास झाका. छोट्या पोळ्या लाटून तेल लावून दोन-तीन एकावर एक ठेवा, वरून मोठ्या पोळीने गुंडाळून गोळा करा. साधारण वीस रोडगे होतात, माणशी दोन.

बिघडतं ते विस्तवावर. गोवऱ्या दहाला पेटवा आणि ज्वाळा पूर्ण विझून राख धरलेला निखारा होईपर्यंत रोडगे टाकू नका, याला तासभर लागतो. घाई केली की वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. टाकल्यावर निखारा वरूनही ओढा, दर दहा मिनिटांनी फिरवा, पाऊण तास धरा. बोटाने वाजवून टणक आवाज आला की झालं. राख फडक्याने पुसायची, हाताने फोडायचं, वाफ निघाली की त्यात तूप, वरून वरण, बाजूला वांग्याची भाजी. एकाला विस्तवावर बसवा, त्याला दुसरं काम देऊ नका.

निघताना निखाऱ्यावर पाणी ओता, वाऱ्याने गवत पेटतं. उरलेले रोडगे ज्याच्या घरी खलबत्ता आहे त्याला द्या. दुसऱ्या दिवशी कुटून गूळ-तुपात छान मुरतात.